पन्नासच्या आकड्याची राखण : माळव्याला वीज देणाऱ्या केंद्रांचा इतिहास

देवासच्या थोरल्या पातीत 1921 साली तुकोजीराव महाराजांचे खासगी सचिव म्हणून इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने राहिले. बागा, टेनिसचे पटांगण, मोटारी आणि पाहुणेघर यांच्याबरोबर राजवाड्याचे वीजघरही त्यांच्या देखरेखीत होते. पुढे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्यांनी हे नोंदवून ठेवले. माळव्यातल्या विजेचा इतिहास सांगताना मला ही नोंद मोलाची वाटते. वीज तेव्हा कुठे होती हे तिच्यातून कळते: वाड्याच्या आवारात, मोटारीच्या शेजारी. वेशीबाहेरच्या विहिरीवर मोटच चालत होती.

इंदूरला 1906 मध्येच वीज आली होती. पण संस्थानी काळातली वीज ज्या त्या शहरापुरती राहिली. एका गावचे यंत्र बंद पडले तर शेजारच्या गावची वीज आणता येत नसे, कारण मध्ये तारच नव्हती. 28 मे 1948 रोजी मध्यभारत राज्य झाले आणि ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवासच्या दोन्ही पात्या एका शासनाखाली आल्या. एकाच गावात दोन दरबार नांदवणाऱ्या देवासने हे विलीनीकरण शांतपणे पाहिले. ज्या कामाला एका संस्थानाची तिजोरी आणि एका संस्थानाची जमीन कधीच पुरली नसती, ते आता हाती घेता येणार होते. ते काम म्हणजे चंबळ.

चंबळ महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते. धार जिल्ह्याच्या उत्तर भागातले पाणी तिला मिळते. देवासजवळून वाहणारी क्षिप्रा उज्जैन ओलांडून पुढे तिलाच मिळते. म्हणजे धार-देवासकडच्या पठारावर पडणाऱ्या पावसाचा मोठा वाटा मंदसौर जिल्ह्यातल्या गांधीसागरात जमा होतो. तिथे तो टर्बाइन फिरवतो आणि तारांवरून वीज होऊन माळव्यात परत येतो. आपल्याच शिवारातला पाऊस आपल्याच घरातला दिवा लावतो, ही गोष्ट नव्या पिढीतल्या फार थोड्या मुलांना ठाऊक आहे. म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

गांधीसागर धरणाची पायाभरणी 7 मार्च 1954 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. नोव्हेंबर 1960 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. दगडी बांधणीचे हे धरण 62 मीटर उंच आणि 514 मीटर लांब आहे. त्याच्या पायथ्याशी 23 मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण 115 मेगावॉट. आज हा आकडा लहान वाटेल, पण साठीच्या दशकात माळव्याचा कणा हाच होता. धरणाकडे जाताना वाटेत भानपुरा लागते. यशवंतराव होळकर 1811 मध्ये तिथेच वारले आणि त्यांची छत्री तिथेच आहे. जो मुलूख होळकरांच्या तोफखान्यासाठी ओळखला जात होता, तो दीडशे वर्षांनी वीजघरासाठी ओळखला जाऊ लागला.

इथून निघालेल्या विजेचा निम्मा वाटा राजस्थानचा. टर्बाइनमधून सुटलेले पाणी पुढे राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर ही वीजघरे चालवून कोटा बंधाऱ्यावर पोचते आणि तिथून कालव्यांत शिरते. तिन्ही वीजघरे मिळून 386 मेगावॉट होतात. यातली मेख अशी की पाणी कधी सोडायचे हे बरेचसे शेतीच्या गरजेवर ठरते. रब्बीत गव्हाला पाणी हवे असले की यंत्रे चालतात, नको असले की थांबतात. केंद्रावरच्या माणसाने जलाशयाची पातळी पाहायची, पूर्ण भरलेले तळे म्हणजे 1312 फूट, आणि हाती असलेले पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचे. आज वीजबाजाराचे अभ्यासक ज्याला मर्यादित साठ्याचे नियोजन म्हणतात, ते गांधीसागरचे ऑपरेटर साठ वर्षांपूर्वी शाई आणि फूटपट्टी घेऊन करत होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर खापरखेड्याचे वीजकेंद्रही गेले. नव्या राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालय जबलपूरला राहिले. आम्हा माळव्यातल्या नोकरदारांना बदली, बढती आणि पेन्शन या तिन्हींसाठी पुढची कित्येक वर्षे जबलपूरचाच रस्ता धरावा लागला. माझी नोकरी मंडळात सुरू झाली आणि मंडळाचे तुकडे होऊन निघालेल्या निर्मिती कंपनीत संपली. हा लेख मी त्या दोन्हींच्या वतीने लिहीत आहे.

पाण्यावरच्या विजेला पावसाची भीती असते, म्हणून कोळशाची जोड हवी होती. ती सातपुड्यात मिळाली. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीला तवा नदीवर धरण बांधून औष्णिक केंद्र उभे राहिले. 1967 पासून तिथे 62.5 मेगावॉटचे पाच संच लागले आणि त्यांच्या विजेत राजस्थानचा 40 टक्के वाटा ठरला. पाथाखेड्याच्या खाणी शेजारीच असल्यामुळे कोळसा पट्ट्यावरून थेट बंकरमध्ये यायचा. पुढे 200 आणि 210 मेगावॉटचे संच आले आणि 1984 पर्यंत सारणी 1142.5 मेगावॉटची झाली. बैतूल-मुलताईच्या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे पुष्कळ, त्यामुळे सारणीच्या वसाहतीत गणपती आणि कोजागिरी कधी परकी वाटली नाही. महाराष्ट्राशी आमचा आणखी एक धागा पेंचचा. त्या नदीवरच्या तोतलाडोह वीजघराच्या 160 मेगावॉटमध्ये एक तृतीयांश वीज महाराष्ट्राची आहे.

भार मात्र निर्मितीपेक्षा वेगाने वाढत होता. देवासला कारखाने आले. किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना तिथलाच, आणि तिथे बनलेले पंप गावोगावच्या विहिरींवर बसून संध्याकाळचा भार वाढवू लागले. बँक नोट प्रेस आली. ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यात पिथमपूर उभे राहिले आणि मोटारींच्या कारखान्यांना चोवीस तास न लुकलुकणारी वीज हवी झाली. शेतकऱ्याला तर हिवाळ्यातच वीज लागते. उन्हाळ्यात घामाघूम होणारी राज्ये वैशाखात विजेची कमाल मागणी नोंदवतात. मध्य प्रदेशात कमाल मागणी डिसेंबर-जानेवारीत येते, गहू-हरभऱ्याला पाणी देताना. अलीकडच्या वर्षांत ती 18 हजार मेगावॉटच्या वर गेली आहे. आमच्या केंद्रांची ओव्हरहॉलची कामे म्हणूनच पावसाळ्यात धरली जातात. दिवाळीनंतर कोणताही संच उघडून ठेवणे आम्ही पाप समजायचो.

जलविद्युत केंद्रावर संच वीजजाळ्याला जोडायचा क्षण बाहेरच्या माणसाने एकदा तरी पाहावा. आधी गाइड व्हेन हळूहळू उघडतात आणि जमिनीखालून पाण्याची घरघर वर येते. रोटर वेग घेतो. बेअरिंगच्या तेलाचे तापमान एकजण मोठ्याने सांगत राहतो. व्होल्टेज चढते. मग सगळ्यांची नजर सिंक्रोस्कोपच्या काट्याकडे लागते. काटा उलटा फिरत असेल तर आपले यंत्र जाळ्यापेक्षा संथ आहे, भरभर सुलटा फिरत असेल तर ते घाईत आहे. तो सुलटा आणि अगदी सावकाश फिरू लागला, बाराच्या जागेच्या किंचित अलीकडे आला, की ब्रेकरचा खटका दाबायचा. बरोबर जमले तर काहीच होत नाही. फक्त घरघरीचा सूर बदलतो. चुकले तर अख्खा पाया हादरतो आणि यंत्राचे आयुष्य त्या एका झटक्यात कमी होते. आता हे काम स्वयंचलित आहे, तरी जुन्या माणसांचे डोळे अजून काट्यावरच असतात.

तो काटा ज्याच्याशी आपली गती जुळवतो, ती म्हणजे पन्नास हर्ट्झची वारंवारता. मागणी वाढली की ती खाली येते, निर्मिती वाढली की वर जाते. नव्वदच्या दशकात वीजजाळ्याच्या पश्चिम विभागात ती 48 च्या आसपास घसरलेली असायची आणि आम्ही तशीच यंत्रे चालवायचो. इतक्या कमी वारंवारतेवर टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली लांब पाती धोक्याच्या कंपनाजवळ येतात. पण संच काढला तर आणखी चार जिल्हे अंधारात जाणार, म्हणून कोणी काढत नसे. त्या काळात पात्यांना गेलेल्या तड्यांत माळव्यातल्या अंधाराचाही हिशेब आहे.

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची केंद्रे तिकडे गेली. भार इकडे, निर्मिती तिकडे, अशी वाटणी झाली. त्यानंतरची दोन-तीन वर्षे ज्यांनी देवास-धारच्या गावांत काढली, त्यांना कंदिलाची काच पुसणारी संध्याकाळ आठवत असेल. 2003 ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ता आणि पाणी या तीन शब्दांवर लढली गेली. मंडळाच्या माणसांनी त्या काळात लोकांच्या शिव्या खाल्ल्या. केंद्रावर राबणाऱ्या फिटरचा त्यात काही दोष नव्हता. त्याने जुनी यंत्रे ठिगळे लावून चालू ठेवली होती.

सुधारणा मात्र त्याच काळात झाल्या. 1 जुलै 2002 पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दर लागू झाला. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढली किंवा कमी दिली तर वारंवारतेनुसार पैसे मोजावे लागू लागले. त्याआधी शिस्तीची पत्रे निघत, आता बिल निघू लागले आणि वारंवारता सुधारली. मग मंडळाचे तुकडे झाले. निर्मिती, पारेषण आणि वितरण वेगळे होऊन 1 जून 2005 पासून स्वतंत्र कंपन्या कामाला लागल्या. निर्मिती कंपनी जबलपूरला, आपल्या भागाची वितरण कंपनी इंदूरला. एका छताखालच्या माणसांमध्ये करारपत्रे आली. जुन्या मंडळात सबस्टेशनचा अभियंता गरज पडली तर केंद्रावर फोन करून 'थोडा भार वाढवा' म्हणायचा. आता त्याच वाक्याला वेळापत्रक, दर आणि दंड चिकटले. मला स्वतःला वाटते की हिशेबाला शिस्त आली हे चांगले झाले. पण केंद्र, तार आणि ग्राहक या तिघांना एकत्र पाहणारी नजर कमी झाली, आणि ती परत आणायचे काम अजून व्हायचे आहे.

जाळे मोठे होण्याचे फायदे आणि धोके आम्ही 2012 मध्ये पाहिले. 30 आणि 31 जुलैला उत्तर आणि पूर्व भारत काळोखात गेला. त्या घटनेची सुरुवात मध्य प्रदेशातल्या बीना–ग्वाल्हेर या 400 किलोव्होल्टच्या वाहिनीवर झाली होती. पश्चिम विभाग तगला आणि त्यामुळे माळव्यात दिवे राहिले. असे जाळे पुन्हा उभे करताना पहिली हाक जलविद्युत केंद्रांनाच जाते, कारण त्यांना सुरू व्हायला बाहेरची वीज फारशी लागत नाही. कोळशाच्या केंद्राला स्वतःचे पंखे, पंप आणि चक्क्या फिरवायलाच कित्येक मेगावॉट आधी उसने आणावे लागतात.

दरम्यान, 2004 पासूनची वीस वर्षे नर्मदेने बदलून टाकली. इंदिरासागरचे 125 मेगावॉटचे आठ संच 2004-05 मध्ये लागले, ओंकारेश्वरचे 65 मेगावॉटचे आठ संच 2007 मध्ये. ही केंद्रे आमच्या कंपनीची नाहीत, पण माळवा-निमाडच्या संध्याकाळी त्यांच्यावरच तोलून धरलेल्या असतात. या विजेची किंमत कोणी भरली हे इथे लिहिले नाही तर इतिहास अर्धा राहील. इंदिरासागरखाली 2004 मध्ये हरसूद गेले. देवास जिल्ह्यातली नर्मदाकाठची गावे गेली. सरदार सरोवराच्या पाण्यात धार जिल्ह्यातले निसरपूर, चिखलदा गेले. त्या प्रकल्पाच्या विजेचा 57 टक्के वाटा मध्य प्रदेशाला मिळतो, महाराष्ट्राला 27 आणि गुजरातला 16. वाटा राज्याच्या खात्यात जमा होतो. घर मात्र कुक्षी-मनावरकडच्या माणसाचे गेले. वीजकेंद्रावर काम करणाऱ्याने हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

इंदिरासागरच्याच काठी, खंडवा जिल्ह्यात, कंपनीचे सर्वात मोठे केंद्र उभे राहिले: श्री सिंगाजी औष्णिक विद्युत केंद्र. निमाडचे संत सिंगाजी यांचे नाव त्याला दिले आहे आणि त्यांची समाधी त्याच जलाशयाच्या पाण्याने वेढलेली आहे. 600 मेगावॉटचे दोन संच 2014 मध्ये आले, 660 मेगावॉटचे दोन 2018-19 मध्ये. एकूण 2520 मेगावॉट. गांधीसागरसारखी जवळजवळ बावीस वीजघरे एका आवारात. पण खाण शेजारी नाही. कोळसा शेकडो किलोमीटरवरून मालगाडीने येतो आणि त्याचे भाडे प्रत्येक युनिटच्या दरात बसते. स्वस्त ते आधी, महाग ते नंतर, या क्रमाने वीज घेतली जाते. त्यामुळे देशातल्या इतर केंद्रांची स्वस्त वीज उपलब्ध असली की सिंगाजीला भार कमी करायचा आदेश येतो.

या काळात बाजारही बदलत होता. 27 जून 2008 रोजी देशातल्या पहिल्या वीज एक्स्चेंजवर सौदे सुरू झाले. 1 जून 2020 पासून दर अर्ध्या तासाला लिलाव होणारा बाजार आला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव आला. त्यातच सौर वीज आली. फेब्रुवारी 2017 मध्ये रीवाच्या 750 मेगावॉटच्या प्रकल्पाला पहिल्या वर्षासाठी 2 रुपये 97 पैसे दर निघाला, तेव्हा कंट्रोल रूममध्ये आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवर नव्वदच्या दशकात पवनचक्क्या लागल्या होत्या, पण त्यांनी आमचे वेळापत्रक कधी हलवले नव्हते. सूर्याने ते हलवले. देशभरच्या औष्णिक केंद्रांचा भारांक, म्हणजे क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्ष झाली तो आकडा, 2007-08 मध्ये 78 टक्क्यांच्या वर होता, 2020-21 मध्ये तो 55 च्या खाली आला. पुढे मागणी वाढली तसा तो पुन्हा चढला, पण भार आता दिवसभर सारखा राहत नाही. दुपारी सूर्य तळपला की कोळशाला खाली बसवायचे आणि मावळला की उठवायचे.

खाली बसवायचे म्हणजे किती, याचे नियमही बदलत गेले. 2016 मध्ये केंद्रीय नियामकाने किमान भार 55 टक्के ठरवला. जानेवारी 2023 च्या नियमांनी तो टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. 600 मेगावॉटचा संच 240 वर चालवायचा, आणि पुन्हा मिनिटाला ठरलेल्या वेगाने वर न्यायचा. हा संच आखला गेला तेव्हा तो रात्रंदिवस पूर्ण भारावर चालेल असे धरले होते. चाळीस टक्क्यांवर भट्टीतली ज्वाला डळमळते आणि ती टिकवायला महागडे तेल पेटवावे लागते. नळ्यांतला पाण्याचा प्रवाह असमान होतो. टर्बाइनच्या जाड पोलादी कवचाचा आतला थर आधी थंड होतो आणि बाहेरचा मागाहून. या ओढाताणीत पोलाद थकते. तडा लगेच दिसत नाही. तो पाच-सात वर्षांनी ओव्हरहॉलमध्ये रंगद्रव्याच्या चाचणीत लाल रेघेसारखा उमटतो.

मागणी फारच कमी असली तर संच पूर्णच बंद ठेवायचा हुकूम येतो. त्याला रिझर्व्ह शटडाउन म्हणतात. बाहेरच्यांना वाटते की यंत्राला विश्रांती मिळाली. प्रत्यक्षात त्या दिवसांत माणसांचे काम वाढते. टर्बाइनचा रोटर गरम असताना तसाच उभा ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून त्याला बॅरिंग गिअरवर सावकाश फिरवत ठेवायचे. बॉयलरच्या नळ्या आतून गंजू नयेत म्हणून रसायन मिसळलेले शुद्ध पाणी किंवा नायट्रोजन भरून ठेवायचा. कोळशाच्या बंकरमध्ये साठा तसाच राहिला तर तो आपोआप पेटतो, म्हणून तो रिकामा करायचा. जनित्रातल्या हायड्रोजनचा दाब सांभाळायचा. बंद पडून बहात्तर तास उलटले की संच थंड धरला जातो, आणि मग 'लाइट-अप' झाल्यापासून वाफ 540 अंशांच्या आसपास नेऊन जाळ्याला जोडेपर्यंत पाळी बदलते, कधी दोनदा बदलते. दावणीच्या बैलाला काम नसले तरी वैरण-पाणी आणि राखण रोजचीच असते, तसे हे आहे.

पैशाचा हिशेब लोकांच्या मनात इथेच गोंधळ घालतो. वीजकेंद्राला दोन भागांत पैसे मिळतात. स्थिर आकार हा केंद्र तयार असण्याबद्दल आणि बदलता आकार हा प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाबद्दल. वर्षभरात साधारण 85 टक्के उपलब्धता दाखवली की स्थिर आकार पूर्ण मिळतो, मग वीज घेवो वा न घेवो. वर्तमानपत्रात 'न घेतलेल्या विजेचे पैसे' असा मथळा येतो आणि ग्राहक चिडतो. गरजेपेक्षा जास्त करार करून ठेवले असतील तर तो राग रास्त आहे. पण पौषातल्या पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, लाखो पंप एकदम चालू होतात तेव्हा जो संच मागितल्याबरोबर उभा राहतो, तो वर्षभर सांभाळला गेला म्हणूनच उभा राहतो. तयार असल्याचे पैसे घेणाऱ्याने खरोखर तयार असले पाहिजे, आणि ही तयारी देखभालीच्या खर्चातून येते. भारांक घसरला म्हणून देखभालीची तरतूद कापणे ही या काळातली सर्वात महाग काटकसर आहे. सुट्या भागांचा साठा आणि दर पाळीतली अनुभवी माणसे, या दोन जागी ती सर्वात आधी होते.

देखभाल म्हणजे केवळ पाना-पक्कड नव्हे, याचे उदाहरण सारणीचे. तिथल्या जलाशयावर काही वर्षांपूर्वी पाण्यावर तरंगणाऱ्या विदेशी तणाची जाड चादर पसरली. लोक तिला 'चायनीज झालर' म्हणतात. उपसावी तितकी ती वाढत होती. शेवटी जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने हे तण खाणारा एक बारीक भुंगा पाण्यावर सोडला आणि तळे मोकळे झाले. औष्णिक केंद्राच्या इतिहासात कीटकशास्त्रज्ञाचे नाव आदराने यावे अशी ही गोष्ट आहे. सारणीचे पहिले पाच संच आता निवृत्त झाले, 250 मेगावॉटचे दोन नवे 2013-14 मध्ये आले, आणि 660 मेगावॉटचा आणखी एक नियोजनात आहे.

गांधीसागरची गोष्ट मात्र दुःखाची आहे. सप्टेंबर 2019 मध्ये चंबळच्या खोऱ्यात असा पाऊस झाला की धरणात येणारे पाणी आखलेल्या प्रमाणापलीकडे गेले. सर्व दरवाजे उघडले तरी पाणी आवरेना. ते वीजघरात शिरले. ज्या यंत्रदालनाच्या फरशीवर चप्पल घालून जायला मनाई होती, तिथे गाळ साचला. यंत्रे, पॅनेल, केबलची भुयारे पाण्याखाली गेली आणि निर्मिती थांबली. त्याच महिन्यात खाली नर्मदेवर सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरले होते. धार जिल्ह्याने तो सप्टेंबर दोन्ही नद्यांच्या बाजूंनी सोसला.

पुराने बुडालेले जनित्र पुन्हा उभे करणे म्हणजे नवे बसवण्याहून किचकट काम. वेटोळ्यांतली ओल काढायची, इन्सुलेशनची परीक्षा घ्यायची, बेअरिंगमधला गाळ खरवडायचा, आणि एवढे करूनही साठ वर्षांच्या जुन्या यंत्रावर किती विसंबायचे हा प्रश्न उरतोच. आता गांधीसागर आणि राणाप्रताप सागर या दोन्हींच्या नूतनीकरणाला मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. खर्च दोन्ही राज्ये वाटून घेणार आहेत आणि यंत्रांचे आयुष्य आणखी चाळीस वर्षे वाढावे असा हेतू आहे. हा निर्णय योग्य आहे. 115 मेगावॉट आज कोणाच्या खिजगणतीत नसतील, पण सूर्य मावळल्यावर काही मिनिटांत भार उचलणारे आणि अंधार पडल्यास जाळे पुन्हा उठवू शकणारे केंद्र आधीच बांधून ठेवलेले आहे. त्यासाठी नवे गाव बुडवायचे नाही, नवे जंगल तोडायचे नाही.

त्याच जलाशयाच्या काठी, नीमच जिल्ह्यात, एका खासगी कंपनीचा 1440 मेगावॉट क्षमतेने आखलेला पंप्ड स्टोरेज प्रकल्प उभा राहत आहे. दुपारी स्वस्त सौर वीज घेऊन पाणी वर चढवायचे आणि रात्री ते खाली सोडून वीज करायची. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघरातही उलटसुलट चालणारे 200 मेगावॉटचे सहा संच आहेत. ओंकारेश्वरच्या पाण्यावर सौर पट्ट्या तरंगत आहेत. तिकडे कृषी पंपांना दिवसा वीज देण्याची व्यवस्था वाढत आहे. ती पूर्ण झाली तर रब्बीतला शेतकरी रात्री अडीच वाजता थंडीत आणि सापा-किरड्याच्या भीतीत शेतावर जाणार नाही. आमच्या यंत्रांवर रात्रीचा भार कमी होईल, पण याहून आनंदाची गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी नाही.

हे सगळे चालवायला जी माणसे लागतील त्यांना जुने आणि नवे दोन्ही यावे लागेल. बॉयलरच्या नळीला कान लावून गळती ओळखणारा माणूस आणि संगणकावर पुढच्या पंधरा मिनिटांचा भाव वाचणारी मुलगी, दोघांना एकाच पाळीत बसवावे लागेल. सध्या पहिला निवृत्त होतो आहे आणि दुसरी कंत्राटावर आहे. कंपनीने या जागा कायमच्या भराव्यात आणि जुन्या माणसांना वर्ष-दोन वर्षे शिकवायला ठेवून घ्यावे, असे आम्ही निवृत्त कर्मचारी आग्रहाने सुचवत आहोत.

वाचकांना एक विनंती. गांधीसागर, सारणी किंवा सिंगाजीला ज्यांनी नोकरी केली, किंवा ज्यांच्या वडिलांनी, काकांनी केली, त्यांच्या घरी जुनी लॉगबुके, यंत्रांची निळी रेखाचित्रे, ओव्हरहॉलच्या नोंदवह्या, वसाहतीतले फोटो पडून असतील. ते रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती काढून कंपनीच्या त्या त्या केंद्राच्या ग्रंथालयात द्या, आणि मूळ कागद घरी जपून ठेवा. नूतनीकरणाच्या कामावर येणाऱ्या अभियंत्यांना 1960 साली कोणता बोल्ट कुठे का बसवला हे सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.